लोट्याच्या वईवरची रंगीत पाने

मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता कशेडीचा घाट उतरून खेडास पोहोचतो, जगबुडी ओलांडून भोस्त्याच्या घाटाने पुन्हा वर चढतो, आणि परशुरामाच्या डोंगरावरून वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरण्यापूर्वी काही मैल जांभ्या दगडाच्या एका ऐसपैस माळावरून चालतो. लोटे हे गाव त्या माळावरचे. आज या गावाचे नाव काढताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रसायनांचे कारखाने, त्यांची धुराडी आणि रात्रंदिवस येजा करणारे टँकर उभे राहतात, आणि त्यात ऐकणाऱ्याचा दोष नाही, कारण वर्तमानपत्रांनी लोट्याची जी ओळख करून दिली ती एवढीच. परंतु कारखान्यांच्या फाटकांकडे पाठ करून घाणेखुंट, आवाशी, पीरलोटे अशा आसपासच्या गावांतील जुन्या वाड्यांच्या पाखाड्या उतरू लागावे, तो चिऱ्यांच्या गडग्यालगत, अंगणाच्या कडेस आणि विहिरीच्या वाटेवर पिवळ्या, तांबड्या, जांभळट, ठिपक्याठिपक्यांच्या पानांची झुडपे पुरुषभर उंचीने उभी असलेली दिसतात. ती कोणी मुद्दाम पाहावीत म्हणून लावलेली नाहीत असे त्यांच्या रांगेवरून वाटते. ती वईचा, म्हणजे कुंपणाचा, भाग झालेली आहेत. क्रोटन हे त्यांतले मुख्य. त्याच्या सोबतीस अकालिफा, कॉर्डिलाइन, विलायती शेर, पावसाळ्यात रंगीत अळू आणि ओट्याच्या सावलीत कोलियस. यांतले एकही झाड या भूमीचे नव्हे. फुलासाठी नाही, फळासाठी नाही, केवळ पानाच्या रंगासाठी झाड बाळगावे ही कल्पनाही येथली नव्हे. ती झाडे आणि ती कल्पना कोकणातल्या सामान्य परड्यापर्यंत कशी पोहोचली आणि पोहोचल्यावर त्या कल्पनेचे काय झाले, हा या लेखाचा विषय आहे.

जुन्या कोकणी माणसाच्या झाडाविषयीच्या दृष्टीत हिशेब फार होता. जमाबंदीच्या दफ्तरात जमिनीचे जे प्रकार मांडलेले असत, भातशेती, बागायत आणि वरकस, त्यांतच गावाची सगळी हिरवळ बसवावी लागे. लोट्यासारख्या माळावर वरकसच अधिक, म्हणजे नाचणी-वरी काही वर्षे घ्यावी आणि मग जमीन तितकीच वर्षे पडीक ठेवावी. बागायत म्हणजे माड आणि पोफळी, आणि त्यांची गणती खोताच्या डोक्यात सरकारी कारकुनापेक्षा पक्की असे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, तोवर कुळाच्या दारातला फणससुद्धा कोणाच्या वहिवाटीचा हा प्रश्न साधा नव्हता. दारी झाड लावायचे ते खाण्याचे, विकण्याचे, जळणाचे वा औताच्या लाकडाचे. आणि ज्यांच्यापासून यांपैकी काहीच मिळत नाही त्यांना आश्रय देण्याचे काम देवघराकडे असे. जास्वंद, तगर, अनंत, कण्हेर, कोरांटी, सोनचाफा ही झाडे देवाच्या नावावर अंगणात राहिली, अबोली-मोगरा घरातल्या बायकांच्या वेणीच्या नावावर. अडुळसा, निगडी, कोरफड यांची शिफारस वैद्याने केलेली.

पानांचा मान या संस्कृतीत फुलांपेक्षा कमी होता असे मात्र कोणी म्हणू नये. तुळस, बेल, दूर्वा, आघाडा, शमी, आपटा, विड्याचे पान, केळीचे पान: देवास आणि पाहुण्यास आपण पानेच देत आलो आहोत, आणि गणेशचतुर्थीस एकवीस प्रकारची पत्री गोळा करण्यासाठी कोकणातली मुले अजूनही रानात पाठविली जातात. परंतु या सर्व पानांना जे मोल आहे ते नेमाचे, गंधाचे, गुणाचे. रंगाने ती सारी हिरवीच. रंगीत पानाच्या सर्वांत जवळ जाणारी झाडे दोन होती. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारी तांबूस पानांची कर्दळ, जी मुळात अमेरिकेची असूनही इतकी घरची झाली की मलबारातील वनस्पतींच्या सतराव्या शतकातल्या महाग्रंथात, ‘हॉर्टस मलबारिकस’मध्ये, तिला स्थान मिळाले, आणि तिच्या शेजारी काळ्या देठाचे अळू. पण अळूचा देठ काळा असणे ही डोळ्याला सुखविणारी गोष्ट नसून वडी की फदफदे एवढ्याच निर्णयापुरती पाहण्याची गोष्ट होती. वर सांगितलेल्या ग्रंथाच्या सिद्धतेत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी भाग घेतला आणि १६७५ साली आपल्या साक्षीचा लेख नागरी लिपीत लिहून दिला, हे पुष्कळांस ठाऊक आहे; त्या ग्रंथात झाड आले की त्याचा रस कशावर, मूळ कशावर, हे पाठोपाठ येते. पान सुंदर दिसते म्हणून झाडाची नोंद करावी, असा तो काळ नव्हता.

त्याच सुमारास, तेथून पुष्कळ पूर्वेस, मोलुक्का बेटांतील आंबोन येथे डच कंपनीच्या चाकरीत असलेला रुम्फियस नावाचा एक जर्मन गृहस्थ तिथल्या झाडांची अशीच बखर लिहीत बसला होता. १६७० साली त्याची दृष्टी गेली, तरी त्याने काम सोडले नाही. मात्र त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर चार दशकांनी, १७४१ पासून, छापला जाऊ लागला. आज ज्याला आपण क्रोटन म्हणतो त्याची पहिली सविस्तर ओळख युरोपला या आंधळ्या माणसाच्या ग्रंथातून झाली, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे, कारण ज्या झाडाचे सारे सर्वस्व रंगात आहे त्याचा इतिहास अशा माणसापासून सुरू व्हावा यात दैवाचा काही तिरकस विनोद असावा. लिनियसने १७५३ मध्ये त्यास जमालगोट्याच्या कुळशाखेत घालून क्रोटन ठरविले. पुढच्या पंडितांनी ते तेथून काढून कोडियम या वेगळ्या घरात नेले. बागवानांनी या स्थलांतराची दखल घेतली नाही आणि क्रोटन हेच नाव जगभर राहिले.

या बेटांवर आणि त्यांच्याही पलीकडे न्यू गिनीपासून पॉलिनेशियापर्यंत रंगीत पानांची झाडे लोकांच्या व्यवहारात फार जुनी होती. कॉर्डिलाइनची तांबडी रोपे शेताच्या हद्दीवर रोवलेली असत आणि ती उपटणे म्हणजे आपल्याकडे हद्दीचा धोंडा सरकविण्याइतकाच मोठा गुन्हा मानला जाई. क्रोटन वस्तीच्या कडेने, देवस्थानांपाशी, थडग्यांपाशी. रंग तेथे शोभेसाठी नव्हता असे नाही, परंतु शोभेच्या आधी त्याला खुणेचे काम होते: दाट हिरव्या अरण्यात जे तांबडे दिसते ते माणसाने लावलेले आहे, आणि म्हणून त्यापुढे कोणाचा तरी अंमल आहे, हे लांबून कळावे. हा मुद्दा वाचकाने मनात ठेवावा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपच्या धनिकांना पानांचे जे वेड लागले त्यास कारणे दोन, काच आणि कोळसा. काचेवरचा कर इंग्लंडात १८४५ साली उठला आणि उष्णगृहे स्वस्त झाली. लंडनच्या वॉर्ड नावाच्या डॉक्टरने झाकणबंद काचपेटीत रोप महिनोन्महिने जिवंत राहते हे त्याआधीच दाखवून दिले होते आणि १८३३ मध्ये अशा पेट्या सिडनीपर्यंत पाठवून त्याची प्रचीतीही घेतली होती. चेल्सीच्या व्हीच घराण्याच्या रोपवाटिकेचा तरुण वारस जॉन गूल्ड व्हीच १८६४ मध्ये ऑस्ट्रेलिया व दक्षिण समुद्रातील बेटांकडे निघाला आणि परतताना क्रोटन, कॉर्डिलाइन, अकालिफा यांच्या अनेक जाती घेऊन आला. क्षयाने तो १८७० मध्ये, ऐन तारुण्यात वारला. जावाकडून आलेल्या कोलियसच्या संकरित जातींचे १८६८ च्या सुमारास लंडनात लिलाव झाले. ब्राझीलच्या रंगीत अळूचे शेकडो नवे प्रकार पॅरिसमध्ये ब्लू नावाच्या छांदिष्टाने काढले. केवळ सुंदर पानांच्या झाडांवर रंगीत चित्रांची जाडजूड पुस्तके निघाली: लो आणि हॉवर्ड यांचे १८६१ मध्ये, शर्ली हिबर्ड यांचे १८७० मध्ये. जे झाड मोलुक्काच्या पाऊसवाऱ्यात आपोआप वाढे त्यासाठी बर्फाच्या प्रदेशात रात्रभर भट्टी पेटती ठेवणे, आणि त्या भट्टीशी एक माळी जागत बसविणे, यात जो ऐश्वर्याचा देखावा होता तोच पुष्कळदा झाडापेक्षा अधिक मोलाचा असावा.

हिंदुस्थानात हे वेड आले ते साहेबांबरोबर. कलकत्त्यास विल्यम कॅरे यांनी १८२० मध्ये शेती व बागाईत यांची सभा स्थापिली. मुंबईत तशीच पश्चिम हिंदुस्थानची सभा १८३० मध्ये निघाली. तिची शिवडीची बाग कबरस्तानासाठी घेतली गेल्यावर भायखळ्यास नवी बाग उभी राहिली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती उघडली. हीच राणीची बाग. पुण्यास दापोडीची सरकारी वनस्पतिबाग, जिची व्यवस्था डॉक्टर गिब्सन यांनी वर्षानुवर्षे पाहिली, पुढे गणेशखिंडीत गेली. तेथील वुड्रो साहेबांनी हिंदुस्थानातील बागकामावर जे पुस्तक लिहिले त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, आणि बंगाल्यातील फर्मिंजर पाद्र्याचे १८६३ चे पुस्तक तर देशभर बंगल्याबंगल्यात होते. हवा बदलण्यासाठी महाबळेश्वरास जाणाऱ्या या मंडळींना येथे आल्यावर एक शोध लागला: ज्या झाडांसाठी मायदेशी कोळसा जाळावा लागतो ती येथे कुंड्यांच्या रांगांत, व्हरांड्याच्या पायऱ्यांवर, नुसत्या पाण्यावर वाढतात. फुलांची विलायती रोपे पावसात कुजून आणि उन्हात करपून जात, पाने टिकत. बंगल्यापुढे दुतर्फा क्रोटन लावणे हा त्यामुळे साहेबी राहणीचा शिरस्ता झाला, आणि साहेबाच्या कचेरीतल्या हेडक्लार्काने, मग मामलेदाराने, मग गावच्या वकिलाने तो उचलला. रत्नागिरी जिल्ह्यात या राहणीचे ठाणे म्हणजे दापोलीचे कॅम्प. पलटण तेथून लवकर उठली, पण बंगले, सुरूची झाडे, गिरिजाघर आणि इंग्रजी शाळा मागे राहिली, आणि त्या शाळेत पांडुरंग वामन काण्यांसारखी माणसे शिकली.

तरीही दापोलीच्या बंगल्यापासून लोट्याच्या कुणबी वाडीपर्यंतचा मार्ग सरळ नव्हता. माझ्या मते तो मुंबईवरून आला. खेड व चिपळूण या तालुक्यांनी मुंबईच्या गिरण्यांना, गोदीला आणि कचेऱ्यांना जितकी माणसे दिली तितकी फार थोड्या मुलखांनी दिली असतील. वरकस जमीन पोट भरीना, तेव्हा घरटी एकदोन पुरुष भाऊच्या धक्क्याची वाट धरीत. दाभोळला बोटीतून उतरायचे, खाडीने पडावातून गोवळकोटच्या किंवा खेडच्या बाजूस यायचे आणि पुढे पायी. हा चाकरमानी लालबाग-परळच्या चाळीत राही, आणि तेथून राणीची बाग चालत जाण्याच्या अंतरावर. बागेत प्रवेश करताना दोन्ही हातांस रंगीत पानांनी काढलेले गालिचे, कडेने कातरलेला अकालिफा, कुंड्यांतले क्रोटन, हे सारे सरकारी खर्चाने राखलेले वैभव तो रविवारी पोराबाळांसह पाही. क्रोटनची एखादी फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवली तर दोनतीन दिवसांचा प्रवास ती सहज सोसते, आणि मे महिन्यात घरी येणाऱ्या माणसाच्या हातून ती पावसाच्या तोंडावर गावच्या मातीत पोहोचते, म्हणजे लावणीच्या नेमक्या मुहूर्तावर. आगबोटी पावसाळ्यात बंद असत. शेवटच्या बोटीने आलेले खोड नारळी पौर्णिमेपर्यंत मूळ धरून बसे. गाडी-बोटींच्या वेळापत्रकाने झाडांच्या प्रसाराला इतका हातभार लावल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

आता खरी गंमत सुरू होते. मुंबईहून आलेली ही शोभेची वस्तू गावी आल्यावर दाराशी कुंडीत राहिली नाही, कारण कुंडीला पाणी कोण घालणार? घरधनी मुंबईस, बाई भातात, आणि उन्हाळ्यात विहिरीचे पाणी माणसांस पुरेना. झाड आपल्या पायावर उभे राहिले तरच राहणार होते. त्यात गुरांचा प्रश्न. भाताची कापणी उरकली की कोकणात गुरे मोकळी सुटतात ती पुढच्या मृगापर्यंत. कोणाच्या परड्यात शिरतील याचा नेम नाही, आणि त्यांच्यापायी कोंडवाडा, दंड व भाऊबंदकी या तीनही संस्था भरभराटीस आलेल्या. म्हणूनच येथली वई पूर्वापार अशा झाडांची असे की ज्यांना गुरे तोंड लावणार नाहीत: शेर, निवडुंग, मोगली एरंड, निगडी, अडुळसा. यांतले शेर आणि मोगली एरंड एकाच कुळातले, एरंडाच्या. फांदी मोडली की चीक निघतो, जिभेला तो चरचरतो, आणि एकदा तोंड पोळलेली शेळी पुन्हा तिकडे फिरकत नाही. क्रोटन याच कुळाचा आहे. अकालिफाही याच कुळाचा, आपल्या रानातल्या खोकलीचा सख्खा भाऊ. आणि दुरंगी पानांचा विलायती शेर तर नावानेच आपले गोत्र सांगतो. चेल्सीच्या काचघरात लाडावलेल्या या वंशाचा गुण असा की कोकणातल्या उनाड गुरांपुढे तो अजिंक्य ठरला. गुलाब लावणाऱ्याचा गुलाब शेळीने खाल्ला, शेवंती गाईने, क्रोटन मात्र शिमग्यातही जसाच्या तसा. गावच्या बाईने हे पाहिले, आणि कोणाच्याही पुस्तकाच्या शिफारशीवाचून क्रोटन अंगणातून वईवर गेला.

म्हणजे बेटांवर तो जे काम करीत होता तेच काम, मध्ये लंडन, कलकत्ता आणि मुंबई यांचा फेरा घेऊन, त्याने येथे पुन्हा हाती घेतले. ते कोणी शिकविले नाही. दोन्हीकडचा पाऊस सारखा, दोन्हीकडे माणसाची वस्ती झाडीत बुडालेली, आणि दोन्हीकडे भावाभावांत हद्दीचा तंटा. मोजणीच्या नकाशावरची रेघ तलाठ्याच्या दफ्तरात राहते, जमिनीवर दिसत नाही. तांबड्या-पिवळ्या पानांची रांग दिसते. घर बंद पडले, छप्पर बसले, जोते तेवढे उरले अशी ठिकाणे खेड तालुक्यात आता थोडी नाहीत, आणि तेथे अंगण कोठवर होते हे सांगायला पुष्कळदा क्रोटनच शिल्लक असतो. अशा ठिकाणी पाहणी करणाऱ्याने पहिल्याने पानांचा रंग पाहावा, मग कागद.

या झाडांची निगा पुस्तकांत जितकी अवघड करून सांगितलेली असते तितकी ती कोकणात नाही, परंतु जी आहे ती वेळेची आहे. पेन्सिलीच्या जाडीची, वीतभर लांबीची, पक्व होत आलेली फांदी मृगाच्या पावसाबरोबर तिरपी रोवावी, खालची पाने काढून वरची दोनचार अर्धी कातरावी, म्हणजे आषाढ सरता सरता ती मुळावते. चीक प्रथम वाहू द्यावा, काप राखेत टेकवावा, आणि हात धुतल्याशिवाय डोळ्यास लावू नये. काहींच्या अंगास तो फुटतो. जाड खोडाचे मोठे झाड लवकर हवे असेल तर गुटी बांधावी: फांदीची बोटभर रुंद साल वळशाने काढून, त्या ठिकाणी गडग्यावरचे ओले शेवाळ गुंडाळून, वर सुंभाने बांधलेले गोणपाट, आणि दीडदोन महिन्यांनी मुळे बाहेर डोकावली की फांदी खालून कापायची. पावसाळ्यात गडगे मखमलीने मढल्यासारखे होतात, त्यामुळे जे शेवाळ इतरत्र विकत आणावे लागते ते येथे हाताशी. बियांपासून लावू जाल तर आईचे रूप लेकीत येईल याची शाश्वती नाही. रंगाचे वाण फांदीनेच चालते. नव्या रंगांचा उगमही पुष्कळदा असाच, एखाद्या फांदीत अकस्मात फेर पडतो, तेवढीच पिवळी वा तांबडी निघते, आणि ती ओळखून वेगळी लावणारा डोळा हवा. उलटही घडते: रंगीत झाडाच्या पोटातून निखळ हिरवा फुटवा येतो, तो अधिक जोरकस असतो, कारण त्याच्या पानांत हरितद्रव्य अधिक; तो वेळीच कापला नाही तर चार वर्षांत सारे झाड हिरवे.

रंग उन्हाचा असतो. हे अनेकांस पटत नाही, आणि सुंदर झाड म्हणून ते आंब्याखाली लावतात. तेथे ते जगते, वाढते, पण हिरवे होत जाते. लोट्याचा माळ उघडा, म्हणून तेथल्या वईचा क्रोटन दाभोळ खाडीच्या काठच्या दाट आगरातल्या क्रोटनपेक्षा नेहमीच भडक. कोवळे पान पिवळसर हिरवे, जून होताना शेंदरी, मग तांबडे, क्वचित काळपट, त्यामुळे एकाच फांदीवर खालून वर वाचत गेले तर पानाचे वय कळते. खडकाळ जमिनीत दोन हात खड्डा फोडून त्यात शेणखत व तांबडी माती भरली, आणि उन्हाळ्यात बुंध्याशी पातेरा पसरला, तर पहिल्या दोन उन्हाळ्यांनंतर पाणी मागत नाही. पावसाळा येथे तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, पण कातळाला उतार असला तर मूळ कुजत नाही. कुजते ते सखल कोपऱ्यात. पिठ्या ढेकूण लागतात ते कोंदट जागी, भिंतीच्या आडोशाला. त्यावर साबणाचे पाणी आणि फांद्यांची विरळणी पुरते. मार्गशीर्षापासून वारा कोरडा होतो आणि खालची पाने गळतात, त्याची चिंता करू नये.

रंगीत अळूचे तंत्र निराळे, आणि कोकणाला ते विनाकष्ट जमले. ब्राझीलमध्ये पावसाचा आणि कोरडा असे दोन ऋतू. कंद पावसात पाने काढतो, कोरड्या दिवसांत झोपतो. येथेही तेच. दिवाळीनंतर पाने पिवळी पडली की लोक त्याला विसरून जातात, आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर गुलाबी-पांढरी पाने जमिनीतून अशी वर येतात की जणू त्यांना कोणी बोलावणे धाडले होते. मात्र घरच्या वडीलधाऱ्या बायका या झाडाकडे संशयाने पाहत आल्या आहेत. पान अळूचे, पण आमसूल घालून कितीही शिजविले तरी खाण्याचे नाही; मूल चुकून चावले तर घसा धरतो. कोलियसचे आयुष्य त्यामानाने थोडे: दोन वर्षांत खोड लाकडासारखे होते आणि रूप जाते, म्हणून दर पावसाळ्यात शेंडे खुडून नवी रोपे करावीत आणि तुरे दिसताच मोडावेत, कारण फुलावर आलेले कोलियस पानांकडे दुर्लक्ष करते. तुळशीच्या कुळातले असल्याने त्याला तुळशीशेजारची जागा मिळाली, हा मात्र योगायोग.

देवघराने या पाहुण्यांना अखेरपर्यंत आत घेतले नाही. पत्रीच्या यादीत क्रोटन नाही आणि येण्याचा संभवही नाही. परंतु गणपतीच्या मखराभोवती, लग्नाच्या मांडवाच्या खांबाला आणि सत्यनारायणाच्या चौरंगामागे तो केव्हाच पोहोचला. पाण्यात ठेवलेली त्याची फांदी आठदहा दिवस टवटवीत राहते, आणि दीड दिवसाच्या गणपतीपासून गौरीगणपतीपर्यंतच्या मुदतीला ती पुरून उरते. मुंबईहून आलेली कागदी फुले आणि वईवरची पाने यांच्या मिश्रणातून सजावटीची जी एक खास खेडवळ रीत तयार झाली, तिची थट्टा करणारे शहरी लोक मी पाहिले आहेत. मला ती थर्माकोलच्या महालांपेक्षा कितीतरी अधिक सुसंस्कृत वाटते.

पुढचा टप्पा धंद्याचा. दापोलीस १९७२ मध्ये कोकण कृषी विद्यापीठ झाले. तेथे आंब्याच्या कोय कलमाचे आणि काजूच्या मृदुकाष्ठ कलमाचे तंत्र बसले. आणि १९९० पासून रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेल्यावर कलमांना इतकी मागणी आली की रस्त्याच्या कडेने रोपवाटिका उभ्या राहिल्या. ज्या हातांनी कलमे बांधली त्यांनीच मोकळ्या महिन्यांत क्रोटनच्या गुट्या बांधल्या. त्याच सुमारास लोट्याच्या माळावर औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत भरत होती. कारखान्याच्या जागेपैकी सुमारे एक तृतीयांश हरितपट्टा असावा, अशी अट पर्यावरणाच्या परवान्यांत येऊ लागली, आणि कारखानदारास झाडांची गरज प्रथमच हुकमाने लागली. मागे अशोक व सुबाभूळ, पुढे फाटकापाशी रंगीत पानांचे ताटवे. मात्र ठेकेदाराची मागणी एकाच उंचीच्या, एकाच रंगाच्या शेकडो रोपांची. म्हणून आली सोनेरी पानांची दुरांता आणि ‘पेट्रा’सारखे साच्यातून काढल्यागत क्रोटन. लांब पिळदार पानांचे, अरुंद दोरीसारख्या पानांचे, मधूनच देठावर दुसरे पान लोंबकळणारे जे जुने प्रकार व्हीचच्या काळापासून फिरत आले होते, ते ठेकेदाराच्या यादीत बसत नाहीत. त्यांची विलायती नावे तर वाटेतच गळून पडली.

ते प्रकार आहेत ते जुन्या कुंपणांवर, आणि ती कुंपणे हमरस्त्याच्या चौपदरीकरणात मोठ्या प्रमाणावर गेली. भूसंपादनाच्या पंचनाम्यात आंबा, काजू, फणस, माड यांची वयासह गणती होते आणि त्यांचे मोल ठरते. वईला सहसा रकाना नसतो, आणि पंचनामा करणाऱ्यावर रागवावे असेही त्यात काही नाही, कारण त्याच्या नमुन्यात जे छापलेले आहे तेच तो भरणार. ज्यांना सूचना वेळेवर मिळाली त्यांतल्या काहींनी जुनी खोडे मुळांसकट हलवून पाहिली. तीस-चाळीस वर्षांचे क्रोटनचे खोड जांभ्याच्या भेगांत इतके रुतलेले असते की पहारीने काढताना मुळे तुटतातच, आणि एप्रिलमध्ये हलविलेले झाड बहुधा मरते. शहाण्यांनी दोन फांद्या कापून मागील दारी सावलीत रोवून ठेवल्या, मृगाची वाट पाहिली, आणि गडगा मागे सरकवून नवा बांधून झाल्यावर त्यांना तेथे नेले. मागणाऱ्याला फांदी फुकट द्यायची, एवढा जुना नेम या भागात अजून चालू आहे. मात्र ती जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मागावी, आणि ज्या बाजूला ऊन अधिक लागते त्या बाजूची मागावी, म्हणजे कोणता रंग मिळणार हे घेतानाच दिसते.